सुजलेला हात: पट्टी, बाही आणि रोजची निगा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दीड वर्ष होतं आणि त्या बाजूच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागतात. अशा वेळी बऱ्याच घरांत लघवी जास्त होण्याची गोळी आणली जाते, नाहीतर तेल कोमट करून हात चोळायला घेतला जातो. दोन्हींनी काही साधत नाही. या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. ती उतरते दाब देणाऱ्या पट्ट्यांनी आणि उतरलेली टिकते हातावर चढवायच्या, दाब देणाऱ्या घट्ट विणीच्या बाहीने. आम्ही फिजिओथेरपी विभागात हे काम रोज करतो. बाई पहिल्यांदा येते तेव्हापासून बाही घालून घरी जाईपर्यंत काय काय करावं लागतं, कुठे बिघडतं आणि का, ते इथे लिहीत आहोत.

आधी थोडं आतलं. केशवाहिन्यांतून रक्त वाहताना त्यातलं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर पाझरत असतात. हे पाझरलेलं उचलून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. त्यांना झडपा असतात, त्या स्वतः आकुंचन पावतात आणि भोवतालचे स्नायू हलले की त्यांना आणखी जोर मिळतो. वाहिन्यांतल्या या पाण्याला लसिका (लिम्फ) म्हणतात. हाताकडून येणारी बहुतेक लसिका काखेतल्या लसिकागाठींमधून (लिम्फ नोड) पुढे जाते. अशा साधारण २० ते ४० गाठी काखेत असतात. शस्त्रक्रियेत त्यातल्या बऱ्याच काढल्या आणि वर किरणोपचार झाले की वाट अरुंद होते. उरलेल्या वाहिन्या जास्तीचा भार उचलतात, म्हणून सगळ्यांनाच सूज येत नाही. काखेतल्या गाठी साफ केलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला ती येते. फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासून काख तशीच ठेवली असेल, तर शंभरात पाच-सहा जणींना. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण दहा वर्षांनी आलेलीही आम्ही पाहतो.

साठलेल्या पाण्यात प्रथिनं असतात, हे नीट लक्षात घ्यावं. गोळीने पाणी लघवीवाटे जाईल, पण प्रथिनं तिथेच राहतील आणि पुन्हा पाणी ओढून घेतील. ती बराच काळ पडून राहिली की त्या जागी तंतू आणि चरबी तयार व्हायला लागते. मग बोटाने दाबलं तरी खळगा पडत नाही, हात घट्ट लागतो. रात्री उशीवर हात ठेवून झोपलं आणि सकाळी सूज उतरलेली दिसली, तर ती पहिली अवस्था. हात वर ठेवूनही उतरत नसेल तर दुसरी. कातडी जाड, खरखरीत होऊन तिच्यावर मोड आल्यासारखे उंचवटे दिसायला लागले तर तिसरी. याआधीचीही एक अवस्था असते. तिच्यात डोळ्यांना काही दिसत नाही, पण हात जड वाटतो, ब्लाउजची बाही दंडाला आवळते, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ नेहमीपेक्षा उशिरा जातो. बाई इथेच आली तर काम फार सोपं होतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हातांची मापं घेऊन कागदावर लिहून ठेवावीत असा आमचा आग्रह असतो.

पट्टीला हात लावण्याआधी डॉक्टरांनी तपासलेलं असलंच पाहिजे. सूज एक-दोन दिवसांत एकदम आली, हात दुखतोय, निळसर दिसतोय, तर शिरेत गुठळी असू शकते. डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केल्याशिवाय बांधायचं नाही. सूज झपाट्याने वाढते आहे, वेदना असह्य आहेत, बोटांतली ताकद गेली आहे, तर काखेत आजार पुन्हा उलटला नाही ना, हे आधी पाहावं लागतं. हात लाल, गरम आहे आणि ताप आहे, तर तो जंतुसंसर्ग. तो आटोक्यात आल्यावरच पट्टी. हृदय कमजोर असेल तर हातातलं पाणी एकदम रक्तात ढकलणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून तेही विचारून घ्यायचं. विदर्भातून येणाऱ्या बायकांच्या घरचे कधी कधी हळूच विचारतात, 'हा हत्तीरोग तर नाही ना? घरात पसरायचा नाही ना?' नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेत जंतू नसतो, डास नसतो, ती कुणाला लागत नाही. हत्तीरोगाच्या भागात पायाला नवीन सूज आली, तर मात्र रात्रीच्या वेळी रक्ताचा नमुना द्यावा, कारण त्या कृमींची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात.

मग मापं. हात टेबलावर सरळ ठेवून मनगटाच्या बाहेरच्या हाडापासून वर दर ४ सेंटीमीटरवर पेनाने खूण करायची आणि प्रत्येक खुणेवर घेर मोजायचा. टेप कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. दोन खुणांमधला तुकडा वर रुंद, खाली अरुंद अशा शंकूचा धरतात. खालचा घेर १७ आणि वरचा १९ असेल तर १७ चा वर्ग २८९, १७ गुणिले १९ म्हणजे ३२३, १९ चा वर्ग ३६१, बेरीज ९७३. तिला ४ ने गुणून ३७.७ ने भागलं की १०३ मिलिलिटर. अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे त्या हाताचं आकारमान. दोन हातांत २०० मिलिलिटर किंवा १० टक्के फरक असला, किंवा एखाद्या खुणेवर घेरात २ सेंटीमीटरचा फरक असला, की सूज धरायची असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र उजव्या हाताने काम करणारीचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, हे विसरू नये. मापं नेहमी एकाच वेळी, एकाच टेपने आणि शक्यतो एकाच माणसाने घ्यावीत. सकाळचं माप एकदा आणि संध्याकाळचं एकदा अशी तुलना केली तर आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

जोरात उपचार करायचा टप्पा साधारण दोन ते चार आठवड्यांचा. आठवड्याचे पाच दिवस यायचं, रोज तास-दीड तास बसायचं आणि पट्टी दिवसरात्र अंगावर. हे ऐकून निम्म्या बायका आधी हबकतात, कारण स्वयंपाक, नोकरी, मुलांच्या शाळा हे सगळं त्याच हातावर असतं. म्हणून तारीख ठरवताना आम्ही स्पष्ट विचारतो: घरात लग्न आहे का, परीक्षा आहे का, भातलावणी आहे का. मध्येच सोडलेला उपचार दोन दिवसांत होता तिथे येतो. त्यापेक्षा महिनाभराने सुरू केलेला बरा.

रोजचा क्रम ठरलेला. आदल्या दिवशीची पट्टी सोडायची, ती गुंडाळत गुंडाळतच. हात साध्या सौम्य साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. मग उजेडात हात फिरवून पाहायचा: कोपराच्या आतल्या बाजूला लाल रेघ उमटली आहे का, बोटांच्या सांध्यावर कातडी सोलवटली आहे का, कुठे पुरळ आहे का. त्यानंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, पातळ थरात.

पुढे येतो हलक्या हाताने करायचा निचरा. एमिल व्होडर हे मूळचे डेन्मार्कचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी ही पद्धत बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्याने तिला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड दिली. यात तेल नसतं, जोर नसतो. तळहात कातडीवर ठेवून कातडी तेवढी सरकवायची आणि सोडायची. तेल लावलं की हात घसरतो, कातडी सरकत नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छातीवरून त्या काखेकडे, बरगड्यांवरून खाली जांघेकडे. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय हाताला लागायचंच नाही. हातावरही आधी दंड, मग कोपराखाली, शेवटी पंजा. आणि प्रत्येक वेळी दिशा वरची. यात ३० ते ४५ मिनिटं जातात, बायकांना ते आवडतं, झोपही लागते. पण आमचं मत स्पष्ट आहे: वेळ कमी असेल तर निचरा कमी करावा, पट्टी कधीही नाही. सूज कमी करण्याचा मोठा वाटा पट्टीचा आणि पट्टीच्या आत केलेल्या हालचालीचा असतो. नुसता निचरा करून मोकळा हात घरी पाठवला तर संध्याकाळपर्यंत तो पुन्हा भरतो.

आता पट्टी कोणती? औषधाच्या दुकानात मागितलं की क्रेप बँडेज हातात पडतं. ते या कामाचं नाही. क्रेप खूप ताणलं जातं आणि सतत आत आवळत राहतं. हात स्वस्थ असताना त्याचा दाब जास्त आणि स्नायू फुगला की ते बाहेर ढकललं जातं, म्हणजे नेमकं उलटं. आपल्याला हवी असते कमी ताणाची पट्टी, शॉर्ट-स्ट्रेच. ती जवळजवळ हलत नाही. स्नायू आवळला की तो या घट्ट भिंतीवर आदळतो, आतला दाब वाढतो आणि लसिका वर ढकलली जाते. स्नायू सैल सोडला की दाब उतरतो. म्हणूनच ही पट्टी रात्री झोपेतही चालते आणि क्रेप चालत नाही.

बांधायला लागणारं सामान असं: सुती नळीसारखं अस्तर, पंज्यापासून काखेपर्यंत, अंगठ्यापुरतं भोक पाडलेलं. बोटांसाठी ४ किंवा ६ सेंटीमीटर रुंदीची मऊ, किंचित ताणणारी गॉझपट्टी. कृत्रिम कापसाचा १० सेंटीमीटरचा रोल, नाहीतर पातळ फोम. कमी ताणाच्या पट्ट्या ६, ८ आणि १० सेंटीमीटर रुंदीच्या, प्रत्येकी ५ मीटर. जाड हाताला १० च्या दोन. चिकटवायला कागदी टेप. पट्टीबरोबर येणाऱ्या धातूच्या चिमट्या पहिल्याच दिवशी फेकून द्याव्यात. त्या कातडीत शिरतात आणि या हाताला ओरखडाही परवडत नाही.

आधी अस्तर. मग बोटं. गॉझपट्टीचा एक वेढा मनगटाला, तिथून हाताच्या पाठीवरून तिरकं अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे. नखाच्या मुळापासून बोटाच्या बुडापर्यंत वेढे, मग पुन्हा हाताच्या पाठीवरून मनगटाला, तिथून पुढचं बोट. बोटाचं टोक उघडं. गॉझ ओढायची नाही, नुसती ठेवत जायची. तळहातातून शक्यतो नेऊ नये, नाहीतर मूठ वळताना गोळा होतो. बरेच जण कंटाळून बोटं सोडून देतात. मग दुसऱ्या दिवशी दंड उतरलेला आणि बोटं टरटरून फुगलेली दिसतात. वरून दाब दिला की पाण्याला जिथे दाब नाही तिकडे जायचंच असतं.

बोटांनंतर कापूस. इथे हात राखून ठेवू नये. मनगट बारीक असतं आणि त्याच ताणाने बांधलेली पट्टी बारीक घेरावर जास्त दाब देते. म्हणून मनगटावर, कोपराच्या खळगीत आणि अंगठ्याच्या बुडाशी जास्त थर घेऊन हात खालून वर एकसारखा रुंदावत जाणारा करून घ्यायचा. हाताची पाठ मऊ आणि फुगलेली असेल तर अर्धचंद्राच्या आकाराचा फोम कापून तिथे ठेवतात, कडा तिरक्या छाटून.

मग ६ ची पट्टी. 'मावशी, बोटं पसरा.' मनगटाला एक वेढा, मग पंजा, बोटांच्या सांध्यांपर्यंत. 'आता मूठ आवळा.' कोपराखालचा भाग मूठ आवळलेल्या अवस्थेतच बांधायचा, म्हणजे स्नायूला फुगायला जागा राहते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. ८ ची पट्टी मनगटापासून सुरू करून कोपरापर्यंत, आणि १० ची पुन्हा मनगटाच्या थोडं वरून काखेपर्यंत, पण पहिलीच्या उलट दिशेने. ताण सगळीकडे सारखा. खाली थर जास्त आणि वर कमी, त्यामुळे दाब आपोआप मनगटाकडे जास्त आणि काखेकडे कमी होतो. नवशिका माणूस वर जोरात ओढतो, कारण दंड जाड दिसतो. मग काखेजवळ दोरीसारखी आवळण होते, तिच्याखाली सगळं तुंबतं. कोपर थोडं वाकवून बांधावं आणि खळगीवर वेढे एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. दिवसभराच्या वाकण्याने पट्टी तिथेच गुंडाळी होऊन रुतते. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो या जागी.

बांधून झालं की बोटाचं नख दाबून सोडायचं. दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं मूठ उघड-मीट करायला लावून पुन्हा विचारायचं. जड वाटणं, घट्ट वाटणं चालेल. मुंग्या, बधिरपणा, निळसर टोकं, ठणका हे चालणार नाही. हालचालीनेही जात नसेल तर लगेच सोडायचं. हे रात्री दोन वाजता झालं तरी सोडायचं, सकाळची वाट पाहायची नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत सूज भराभर उतरते, त्यामुळे सकाळी घट्ट असलेली पट्टी संध्याकाळी घसरते. सैल पट्टी मनगटाशी गोळा होऊन आवळते, म्हणून ती तशीच ओढून नीट करण्याऐवजी सगळी सोडून पुन्हा बांधावी. यासाठी घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवतो: नवरा, मुलगी, सून. मुंबईला शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या बाईला तिथे रोज बांधून देणारं कुणी मिळत नाही. घरचा शिकलेला हात असेल तर तिचा उपचार थांबत नाही.

पट्टीत हात स्वस्थ ठेवायचा नसतो. पोटाने खोल श्वास पाच वेळा, मग खांदे वर-मागे फिरवणं, कोपर वाकवणं-सरळ करणं, मनगट फिरवणं, मूठ उघड-मीट. प्रत्येक हालचाल दहा वेळा, सावकाश, दिवसातून दोन-तीनदा. हलकं घरकाम करावंच. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं चालतं, कणीक मळायला मात्र घरच्यांना द्यावी. एका गोष्टीची ताकीद देतो: गॅसजवळ पट्टीच्या हाताने वाकून काही करू नये. वर कापूस, वर सूत, आणि पट्टीतल्या हाताला चटका उशिरा कळतो. आंघोळीला मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून वर सैलसर बांधायची. ओली पट्टी अंगावर वाळू दिली की कातडी भिजून सोलवटते.

पट्ट्यांचे दोन संच लागतात, एक अंगावर आणि एक धुऊन वाळत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दोन पुरत नाहीत, तिसरा घ्यावा. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगलं की ओल्या पट्टीच्या वजनाने तिचा ताण जातो.

आठवड्यातून दोनदा मापं घेतो. पहिल्या आठवड्यात आकडे झपाट्याने खाली येतात, मग वेग मंदावतो. चार-पाच दिवस माप हललं नाही की उपचाराचा हा टप्पा संपला. इथे एक चूक इतकी नेहमीची आहे की ती टाळण्यासाठी आम्ही आधीपासून तयारी करतो. बाहीचं माप द्यायचं, ती यायला कित्येक दिवस लागणार, आणि तोवर पट्टी थांबवायची, असं केलं तर बाही येते तेव्हा हात तिच्यापेक्षा मोठा झालेला असतो. बाही हातात येईपर्यंत पट्टी चालूच ठेवायची. माप सकाळी, पट्टी सोडल्या सोडल्या घ्यायचं.

बाही दोन प्रकारची. गोल विणीची, बिनशिवणीची, पातळ. आकार नीट असलेल्या, सूज सौम्य असलेल्या हाताला. आणि सपाट विणीची, शिवण असलेली, जाडसर. वळ्या पडलेल्या, घट्ट झालेल्या हाताला. दुसरी मापाप्रमाणे शिवून घ्यावी लागते आणि महाग पडते, पण वेड्यावाकड्या हातावर गोल विणीची बाही कोपराच्या वळीत शिरून कापते, तेव्हा तिथे पैसे वाचवू नयेत. दाबाचा वर्ग पाहताना नुसता क्रमांक पाहू नका, मिलिमीटर पाऱ्यातला आकडा पाहा. जर्मन मोजणीत दुसरा वर्ग २३ ते ३२, ब्रिटिश मोजणीत दुसरा वर्ग १८ ते २४. दोन कंपन्यांच्या 'दोन नंबर' बाह्या सारख्या नसतात. पंजा सुजत असेल, किंवा बाही घातल्यावर सुजायला लागला, तर हातमोज्याचा भाग हवाच.

बाही सकाळी उठल्या उठल्या घालायची. तिची वरची कड धरून ओढू नये. धागे ताणले जातात आणि सगळा दाब खालीच राहतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे दोन्ही हातांत घालून कापड तळव्याने थोडं थोडं वर सरकवावं. सुरकुती राहिली तर तिथे वळ. वरची कड कधीही दुमडू नये, दुमडली की दाब दुप्पट. मॉइश्चरायझर रात्री लावावं. सकाळी लावलं तर बाही चढत नाही. रोज धुवावी, कारण घामाने आणि कातडीच्या तेलाने विणीचा ताण जातो आणि धुतल्याने तो परत येतो. दोन बाह्या आलटून पालटून वापरल्या तरी चार ते सहा महिन्यांत त्यांचा दम संपतो. सहज चढायला लागली की ती संपली असं समजावं. रात्री बाही काढतात. ज्यांचा हात रात्रीतून भरतो त्यांना पट्टी किंवा वेल्क्रोचं आवरण लागतं. ज्यांच्या बोटांत पट्टी बांधायची ताकद नाही किंवा घरी मदत नाही, त्यांना वेल्क्रोचं आवरण फार उपयोगी पडतं. सैल झालं तर स्वतःच घट्ट करता येतं. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात बाही नको होते, हे आम्हाला ठाऊक आहे. वरून थोडं पाणी शिंपडून ती ओलसर ठेवली तर गारवा येतो. काढून ठेवायचीच असेल तर दुपारी आडवं पडून हात उशीवर असेल तेवढाच वेळ काढावी.

यंत्राबद्दल विचारणा होते. हवेने फुगणाऱ्या बाहीचं यंत्र ४५ मिनिटं ते तासभर लावलं तर हलकं वाटतं. दाब माफक ठेवून आणि आधी मान-छातीचा निचरा करून ते वापरता येतं. पण यंत्र काढल्यावर बाही घातली नाही तर सगळं पाण्यात. शस्त्रक्रियाही आहेत. लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडतात, दुसरीकडच्या गाठी काखेत आणून बसवतात. हात चरबीने भरला असेल, दाबल्यावर खळगाच पडत नसेल, तर लायपोसक्शन करतात. स्वीडनमध्ये माल्मो इथे डॉ. ब्रोर्सन यांनी १९८७ पासून हे काम केलं आहे, आणि त्यानंतरही बाही कायमची घालावी लागते. शस्त्रक्रियेने बाही सुटेल या आशेवर कुणी पैसे उभे करत असेल तर हे आधी कळलेलं बरं.

आता जंतुसंसर्ग, कारण हातावर केलेलं काम एका रात्रीत मातीला मिळवतो तो हाच. सुरुवात फार पटकन होते. दुपारी थोडं अंग मोडून येतं, संध्याकाळी थंडी वाजून ताप, आणि हात पाहावा तर लाल, गरम, स्पर्शाने दुखणारा. लाल भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवावी, म्हणजे लाली पुढे सरकते आहे का हे डॉक्टरांना कळतं. प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे, आणि साधारण दोन आठवडे घ्यावं लागतं. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी सोडू नये. या काळात निचरा नाही, दुखत असेल तर बाही नाही, हात वर आणि विश्रांती. वर्षातून दोन किंवा जास्त वेळा असं झालं, तर कमी मात्रेचं पेनिसिलिन महिनोन्महिने चालू ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्या आणखी खराब करतो.

जंतू शिरतो तो बारीकशा फटीतून. विळीवर भाजी चिरताना, नारळ खोवताना, कोळंबी सोलताना टोचलेला काटा, शिवताना गेलेली सुई, मांजराचा ओरखडा, डास चावल्यावर खाजवलेली जागा. मासे साफ करायला आणि बागेत जाड हातमोजे, शिवायला अंगुस्तान. कापलंच तर लगेच साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक मलम लावून झाकावं आणि दोन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवावं. बोटांच्या बेचक्यांतली बुरशी, नखाच्या कडेची ओढून काढलेली साल याही त्यातच आल्या.

काही भीती मात्र विनाकारण मोठ्या झाल्या आहेत. त्या हाताने आयुष्यभर दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. २००९ साली अमेरिकेत १४१ बायकांवर झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट तिचे त्रास कमी झाले. आम्ही अर्ध्या किलोपासून सुरू करतो, बाही घालून, आणि दुसऱ्या दिवशी हात जड झाला नाही तरच पुढे जातो. नको असतं ते एकदम आणि लटकवून उचललेलं ओझं: भरलेला हंडा, लग्नाची बॅग, लोकलमध्ये तासभर वर धरलेलं हँडल. पाणी दोन छोट्या कळशांत आणावं. रक्तदाब आणि रक्ताची तपासणी शक्यतो दुसऱ्या हातावर करून घ्यावी, पण एकदा चुकून त्याच हातावर झाली म्हणून रात्रभर जागू नये. अशा एखाद्या टोचण्याने सूज येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. विमानप्रवासाचंही तसंच, बाही असेल तर घालून बसावं, म्हणजे झालं. वजनाकडे मात्र खरोखर लक्ष द्यावं. अंगावर जास्तीची चरबी असली की सूज येण्याची शक्यताही वाढते आणि आलेली उतरायला जास्त वेळ लागतो.

घरी गेल्यावर महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला सकाळी, चार जागी घेर मोजून वहीत लिहावा: हाताची पाठ, मनगट, कोपराच्या खाली १० सेंटीमीटर, कोपराच्या वर १० सेंटीमीटर. दोन्ही हातांचे. पहिले तीन महिने आम्ही दर महिन्याला बोलावतो, मग दर सहा महिन्यांनी नव्या बाहीच्या मापाला. मधल्या काळात एखाद्या जागी २ सेंटीमीटर वाढ दिसली आणि दोन-तीन रात्री पट्टी बांधूनही ती गेली नाही, तर सहा महिन्यांची वाट न पाहता वही आणि जुनी बाही दोन्ही घेऊन यावं. जुनी बाही यासाठी की बिघाड हातात आहे की बाहीत, हे ती चढवून पाहिल्यावर बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं.